होल्डर सुटला कुठून?

मे संपत आला की आमच्या वागळे इस्टेटमधल्या पॉवर टूल्सच्या दुकानात येणारी मशीनं बदलतात. सुतारांची कमी होतात, शेडवाल्यांची वाढतात. ठाण्यात जवळपास प्रत्येक सोसायटीला गच्चीवर पत्रा हवा असतो, तोही पावसाच्या आधी. आपल्याकडे पाऊस ११ जूनच्या आसपास धरतात, म्हणजे शेड उभारणाऱ्या फॅब्रिकेटरच्या हातात मोजके दिवस. सगळे घाईत असतात, आणि घाईतल्या माणसाला दुरुस्ती नको असते, नवीन वस्तू हवी असते.

त्या दिवशी सकाळी एक ओळखीचा फॅब्रिकेटर आला. रुमालात गुंडाळलेली वस्तू त्यानं काउंटरवर ठेवली. इम्पॅक्टला, म्हणजे ठोके देत स्क्रू पिळणाऱ्या मशीनला लावायचा १५० मिलिमीटरचा लांब बिट होल्डर, त्याच्या पुढे सेल्फ ड्रिलिंग स्क्रूसाठीचा, म्हणजे स्वतःच भोक पाडत आत जाणाऱ्या स्क्रूसाठीचा ८ मिलिमीटरचा सॉकेट. सॉकेटचं तोंड एका बाजूनं चेपलेलं.

"दादा, एकदम जोरदार मॅग्नेटवाला होल्डर द्या. याचं मॅग्नेट गेलंय."

मग हळूच पुढचं सांगितलं. घोडबंदर रोडवर चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर काम चालू होतं. हाताखालचा मुलगा कठड्यालगतच्या फ्लॅशिंगला, म्हणजे कडेच्या पत्र्याच्या पट्टीला स्क्रू मारत होता, मशीन जरा बाहेर काढलं आणि हे खाली गेलं. कंपाउंडमधली फरशी फुटली. सुट्टी असल्यामुळे पोरं खाली सायकली फिरवत होती, चार पावलांवर. कुणाला काही झालं नाही. सेक्रेटरी मॅडमनी काम जागच्या जागी थांबवलं.

मी तो ऐवज काट्यावर ठेवला. शंभर ग्रॅमच्या थोडा वर. एवढ्याशा लोखंडाचं काय, असं वाटू शकतं. पण चौदा मजले म्हणजे साधारण ४२ मीटर धरा. एवढ्या उंचीवरून वस्तू तीन सेकंदांच्या आत जमिनीवर येते, आणि हवेचा अडथळा सोडून दिला तर शेवटचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात जातो. खालच्या माणसाला वर बघायलाही वेळ मिळत नाही. फॅब्रिकेटरचा चेहरा उतरला होता तो यामुळेच. कामाचे पैसे अडकतील ही काळजी त्याच्या मागून येत होती.

मॅग्नेटचा नवा होल्डर काढून देणं सोपं होतं. पण मी आधी होल्डरमधला सॉकेट धरून ओढला. निघेना. पुढची कॉलर सरकवली तेव्हाच सुटला. म्हणजे पुढचं लॉक शाबूत होतं. आणि मुळात खाली पडलं होतं काय? होल्डर आणि सॉकेट, दोन्ही एकत्र. मॅग्नेट गेलं असतं किंवा पुढचं लॉक ढिलं असतं तर सॉकेट एकटा पडला असता आणि होल्डर मशीनमध्ये राहिला असता. इथे अख्खा होल्डरच मशीनच्या तोंडातून बाहेर आला होता. गळती मागच्या टोकाला होती आणि आम्ही दोघं बोलत होतो पुढच्या टोकाबद्दल.

होल्डरची मागची दांडी मी भिंगाखाली धरली. ही षटकोनी दांडी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची असते आणि तिच्याभोवती एक खाच असते. मशीनच्या चकमध्ये, म्हणजे दांडी धरणाऱ्या तोंडात, छोट्या पोलादी गोळ्या असतात. त्यावरची सरकती नळी, म्हणजे स्लीव्ह, पुढे ओढला की त्या मोकळ्या होतात, सोडला की खाचेत बसतात आणि दांडी धरून ठेवतात. खरं लॉक ते. त्या दांडीवर खाचेच्या आत गोळीची साधी खूणही नव्हती. खाचेच्या पुढे मात्र, सरळ षटकोनावर, ताज्या चकचकीत रेघा उमटल्या होत्या. गोळ्या खाचेत कधी बसल्याच नव्हत्या. त्या दांडीच्या पाठीवर दाबून बसल्या होत्या, आणि नुसत्या घर्षणावर होल्डर इतके दिवस टिकला होता.

मशीन त्याच्या गाडीतच होतं. होल्डर आत घातला, स्लीव्ह सोडला. स्लीव्ह मागे आला, पण पूर्ण नाही. तीन-चार मिलिमीटर पुढेच राहिला. फॅब्रिकेटर म्हणाला, "हा तर पहिल्यापासून असाच राहतो."

ही गोष्ट दुकानात होल्डर विकणारेही फार कमी सांगतात. पाव इंची षटकोन सगळीकडे सारखा असला तरी खाचेची जागा सारखी नसते. काही मशीनचं भोक उथळ असतं, त्यांना टोकापासून ९ मिलिमीटरवर खाच असलेली दांडी लागते. काहींचं खोल असतं, त्यांना १४ मिलिमीटरवरची. खोल भोकाच्या मशीनमध्ये ९ची दांडी घातली तर ती तळापर्यंत जाते आणि खाच गोळ्यांच्या पलीकडे निघून जाते. यावर उपाय म्हणून खोल भोकाच्या तळाशी बसवायचा एक छोटा तुकडा मिळतो, त्याला बिट पीस म्हणतात. टोकदार बाजू आत ठेवून तो घालायचा, की ९ची दांडी बरोबर जागेवर थांबते. १४ची दांडी लावायची तर तो काढावा लागतो. काढलेला तुकडा साइटवर कुठे जातो हे कुणालाच सांगता येत नाही. या मशीनमधलाही गेला होता.

फॅब्रिकेटरनं लगेच तोडगा काढला, "ग्राइंडरनं दुसरी खाच मारू का १४वर?" मी हात जोडले. दांडीच्या पोलादाला कडकपणासाठी पाणी दिलेलं असतं. ग्राइंडरनं ती निळी पडेपर्यंत तापली की पाणी उतरतं, आणि कापलेल्या जागी तिची जाडीही कमी होते. १६०-१७० न्यूटन मीटरचं इम्पॅक्ट मिनिटाला तीन हजारांवर ठोके देतं. अशी दांडी तिथेच तुटणार, आणि तुटलेला तुकडा पुन्हा खालीच जाणार.

मी बिट पीस घातला, होल्डर बसवला. या वेळी स्लीव्ह टक् करून पूर्ण मागे आला.

दुपारी मॅडमच्या सांगण्यावरून मीही साइटवर गेलो. कापूरबावडीचा सिग्नल, मेट्रोचे खांब, त्या प्रवासाबद्दल ठाणेकरांना काही सांगायला नको. गच्चीवर येऊरच्या डोंगराकडून चांगला वारा येत होता. मॅडमनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "मशीनला दोरी बांधलेली होती ना? मग पडलंच कसं?" दोरी होती. पण दोरी मशीनला असते. मशीनच्या तोंडात जे बसतं ते दोरीवर नसतं, ते फक्त त्या छोट्या गोळ्यांवर असतं.

मी त्यांच्यासमोर आधी पीस काढून होल्डर घातला आणि त्यांनाच ओढायला सांगितलं. दोन बोटांनी हिसका दिला, बाहेर. मग पीस घालून पुन्हा दिला. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, हलला नाही. त्यानंतर त्यांना माझं स्पष्टीकरण लागलं नाही. त्यांनी खाली दोरी लावून जागा बंद करायला वॉचमनला सांगितलं आणि काम सुरू करायची परवानगी दिली.

मुलगा घाबरलेला होता. त्याला वाटत होतं, सगळं त्याच्या हातून झालं. मी त्याला सॉकेटचं तोंड दाखवलं. आतल्या मॅग्नेटवर लोखंडाच्या बुराद्याचा थर जमला होता. असा थर जमला की स्क्रूचं डोकं पूर्ण आत बसत नाही, तिरपं अडकतं, आणि मशीन मागे घेताना सॉकेट स्क्रूलाच धरून राहतो. मशीन ओढलं जातं, सॉकेट येत नाही, आणि साखळीतला सगळ्यात कच्चा सांधा सुटतो. इथे तो मागचा होता. मॅग्नेट हवं, स्क्रू धरायला त्याचा उपयोग होतो. पण ते लॉक नव्हे. जितकं जोरदार मॅग्नेट, तितका जास्त बुरादा, हेही त्याला सांगितलं. दर थोड्या वेळानं चिकट टेपचा तुकडा आत दाबून काढला की तोंड साफ होतं.

होल्डरच्या निवडीबद्दल फॅब्रिकेटरला मी जे सांगितलं ते असं. कठड्याजवळच्या कामाला शक्य असेल तिथे होल्डर वापरूच नये, लांब दांडीचा सॉकेट थेट मशीनला लावावा. एक सांधा कमी होतो. कोपऱ्यात हात पोचत नाही म्हणून होल्डर लागलाच, तर पुढे सरकत्या कॉलरचं लॉक असलेला घ्यावा आणि त्यात खाचेचाच बिट घालावा. आतल्या सी-रिंगवर, म्हणजे C आकाराच्या कडीवर बिट धरणारे होल्डर खाली जमिनीवरच्या सुतारकामाला चालतात, पण ती रिंग स्प्रिंगच असते, इम्पॅक्टच्या ठोक्यांनी हळूहळू सैल होते. पाच-पन्नास रुपयांच्या होल्डरमध्ये दांडी आणि नळी नुसती दाबून बसवलेली असते, तिथूनही दोन भाग होताना मी पाहिलेत. असा होल्डर उंचीवर नेऊच नये. आणि विकत घेताना आपलं मशीन सोबत न्यावं. दुकानातच घालून बघावं, स्लीव्ह पूर्ण मागे येतो का. नाही आला तर होल्डर कितीही महाग असला तरी तो त्या मशीनचा नाही.

शेड पावसाआधी उभी राहिली. दोनेक दिवसांनी फॅब्रिकेटरचा फोन आला. कळव्याच्या साइटवरच्या दोन्ही मशीनचे स्लीव्ह त्यानं बघितले होते, एकाचा पुढेच राहत होता. "दादा, पीस आहेत का अजून?" होते. दुकानातल्या पोराच्या हाती चार पाठवून दिले.