परत आलेली मेंदूची गाठ आणि नवं औषध: चाचणी नेमकी कुठे फसते

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग परत वाढला आणि त्यावर नवं केमो औषध तपासायला घेतलं, की सगळ्यांचं लक्ष त्या औषधाकडे लागतं. चाचणी फसते ती बरेचदा दुसऱ्याच गोष्टींमुळे. आधीचं रेडिएशन, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि फिटची गोळी या तिन्हींमुळे एमआरआय तरी बदलतो, नाहीतर रक्तातली औषधाची पातळी तरी, आणि तो बदल औषधाच्या खात्यावर जमा होतो.

पहिला प्रश्न साधा आहे: गाठ खरंच परत आलीय का? ३० बैठकांत ६० ग्रे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमो औषध घेतल्यावर पहिल्या १२ आठवड्यांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्या गळक्या होतात, स्कॅनसाठी शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट जास्त झिरपतो, तो भाग चमकतो आणि गाठ वाढल्यासारखी दिसते. ही खोटी वाढ काही आठवड्यांत आपोआप ओसरते. असे रुग्ण चाचणीत आले तर कुचकामी औषधही गुणकारी ठरेल. म्हणून मेंदूच्या गाठींचा प्रतिसाद मोजण्याचे २०१० चे रानो निकष या काळात वाढ मानतात ती दोनच प्रसंगी: नवा चमकणारा भाग रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर असेल किंवा तुकडा तपासून गाठ सिद्ध झाली असेल. तुकडा सुरक्षितपणे मिळत असेल तर तो घ्यावाच, असं आमचं ठाम मत आहे.

स्टिरॉइडचा घोळ याहून रोजचा. डेक्सामेथासोन गळक्या वाहिन्या आवळतं, त्यामुळे गाठीतली एक पेशी न मरताही चमक कमी होते. पहिल्या एमआरआयआधी किमान ५ दिवस डोस स्थिर हवा किंवा उतरता. नंतर डोकेदुखीसाठी तो २ मिलिग्रॅमवरून ८ वर नेला आणि पुढच्या एमआरआयमध्ये गाठ लहान दिसली, तर त्याला प्रतिसाद म्हणता येत नाही. प्रत्येक स्कॅनच्या फॉर्मवर त्या दिवसाचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहा; ‘पूर्वीप्रमाणे’ असा शेरा चालत नाही. बेव्हासिझुमॅब हे औषधही वाहिन्यांवरच काम करतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३७ रुग्णांच्या चाचणीत लोमस्टिन या केमो औषधाला त्याची जोड दिल्यावर गाठ न वाढण्याचा मध्यक काळ १.५ महिन्यांवरून ४.२ झाला, पण आयुष्य ८.६ महिन्यांच्या जागी ९.१, म्हणजे जवळपास तेवढंच. चमकणाऱ्या भागाबरोबर फ्लेअरही (सूज आणि न चमकणारी गाठ दाखवणारी एमआरआयची प्रतिमा) बघायचा तो यासाठीच.

मोजमाप करताना सर्वांत मोठा व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास यांचा गुणाकार घेतात. सर्वांत लहान नोंदीपेक्षा तो २५ टक्के वाढला तर गाठ वाढली, सुरुवातीपेक्षा ५० टक्के घटला तर प्रतिसाद, आणि तोही ४ आठवड्यांनी पुन्हा दिसायला हवा. आता ३० बाय २० मिलिमीटरची गाठ घ्या: गुणाकार ६००. पुढच्या वेळी ३३ बाय २४ भरली, गुणाकार ७९२, म्हणजे ३२ टक्के वाढ. फरक आहे ३ आणि ४ मिलिमीटरचा! काप ५ मिलिमीटर जाडीचे असतील किंवा डोकं थोडं तिरकं असेल तर एवढी चूक सहज होते. शक्यतो त्याच मशीनवर, १ मिलिमीटरच्या कापांनी स्कॅन करावा आणि दोन वाचकांनी तो वेगवेगळा वाचावा.

फिटच्या गोळ्यांकडे मात्र फार उशिरा लक्ष जातं. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटाल औषधं मोडणारी यकृतातली एन्झाइम वाढवतात. इरिनोटेकॅन या केमो औषधाच्या चाचण्यांत हे ठळक दिसलं: या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातून औषध इतक्या लवकर बाहेर पडत होतं, की त्यांचा सहन होणारा डोस वेगळा ठरवावा लागला. शक्य असेल तर न्यूरोलॉजिस्टशी बोलून रुग्णाला ही एन्झाइम न वाढवणाऱ्या लेव्हेटिरासेटामवर आणा आणि जुनी गोळी बंद झाल्यावर साधारण २ आठवडे जाऊ द्या. व्हॅल्प्रोएट ही फिटची दुसरी गोळी; ती स्वतःच प्लेटलेट उतरवू शकते, तेही ध्यानात असू द्या.

औषध गाठीत पोचतं का, हे रक्त तपासून कळत नाही. ऑपरेशनआधी डोस देऊन काढलेल्या ऊतीत मोजावं लागतं, आणि नमुने दोन हवेत: चमकणाऱ्या भागाचा आणि कडेच्या न चमकणाऱ्या भागाचा. चमकणाऱ्या भागात मेंदूचा रक्त-अडथळा (रक्तातली बरीच औषधं मेंदूत शिरू न देणारी वाहिन्यांची भिंत) मोडलेलाच असतो, तिथे औषध सापडलं यात नवल नाही. कडेला पसरलेल्या पेशींभोवती तो शाबूत असू शकतो. ऊतीत उरलेल्या रक्तामुळे आकडा फुगतो, म्हणून त्याच वेळचं रक्तही घ्या.

तुलनेच्या गटात बहुधा लोमस्टिन असतं: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ११० मिलिग्रॅम, ६ आठवड्यांतून एकदाच. १.७ चौरस मीटरला १८७, म्हणजे १९० मिलिग्रॅम: १०० ची एक, ४० च्या दोन, १० ची एक कॅप्सूल. प्लेटलेट तळाला जातात सुमारे ४ आठवड्यांनी, पांढऱ्या पेशी ५ ते ६ आठवड्यांनी. नवं औषध याच्या जोडीला देत असाल आणि विषारी परिणाम फक्त २८ दिवस मोजलेत, तर खरा तळ त्यानंतर येतो. मोजणीची खिडकी ४२ दिवसांचीच ठेवा आणि दर आठवड्याला रक्त तपासा. कॅप्सूल एकाच डोसपुरत्या द्या. पाकिटावर ‘सर्व कॅप्सूल आज एकदम, पुढचा डोस ६ आठवड्यांनी’ असं ठळक लिहा आणि घरच्यांकडून वाचून घ्या, कारण लोमस्टिन चुकून रोज घेतलं गेलं तर जीव जाऊ शकतो.