चाकांवरचं छोटं घर : नकाशा काढताना आधी ट्रेलर, मग पलंग

अमेरिकेत टायनी हाऊस बांधायला निघालेले बहुतेक जण कागदावर सगळ्यात आधी पलंग आणि ओटा काढतात. त्याआधी ट्रेलर काढा: एक्सल (चाकांचे आस) कुठे येतात, चौकटीचे आडवे बार किती अंतरावर आहेत, चाकांवरची कव्हरं आत किती घुसतात. दोन एक्सलच्या ट्रेलरवर ही कव्हरं दोन्ही भिंतींलगत बरीच जागा खातात. त्यांच्यावर बाक किंवा ओट्याखालचं कपाट छान बसतं. दार, फ्रिज आणि शॉवरचा तळ तिथे बसत नाही. अचूक माप ट्रेलर बनवणाऱ्याकडूनच घ्यायचं.

वेगळा परवाना न काढता घर रस्त्यावर न्यायचं तर रुंदी १०२ इंच आणि बहुतेक राज्यांत उंची साडेतेरा फूट, याच्या आत राहावं लागतं. छपराचा बाहेर आलेला भाग आणि पन्हळसुद्धा त्या १०२ इंचांतच धरायची. दोन्ही भिंती साधारण सव्वापाच इंच जाडीच्या धरल्या तर आत उरतात ९१ इंच. २५ इंचांचा ओटा, समोर २६ इंचांचा कप्पेवाला जिना, मध्ये ४० इंच. ही वाट ३६ च्या खाली जाऊ देऊ नका. ओव्हनचं दार उघडलं की उभं राहायला जागा उरत नाही.

खरी कसोटी उंचीची, म्हणून जमिनीच्या नकाशाआधी घराचा उभा छेद काढावा. एकूण १६२ इंच. ट्रेलरचा डेक जमिनीपासून २४, फरशी ४, इन्सुलेशनसकट छप्पर ८. उरले १२६. झोपायच्या माळ्याखाली ७६ आणि माळ्याची जाडी ५ धरली की वर ४५ इंच मिळतात. ८ इंची गादी टाकली तर ३७ राहतात, माणूस ताठ बसू शकतो. १२ इंची गादी आणली की डोकं छताला लागतं. उतरत्या छपराच्या बुटक्या बाजूला तर याहूनही कमी, म्हणून उशी उंच बाजूला.

७६ हा आकडा २०१८ च्या आयआरसी संहितेतल्या (अमेरिकेतली घरबांधणीची नियमावली) छोट्या घरांसाठीच्या परिशिष्ट क्यूमधला आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराला ६ फूट ४ इंच उंची चालते, राहत्या खोलीला ६ फूट ८ इंच लागते. माळ्याखाली ओटा आणि न्हाणीघर ठेवायचं ते यासाठी. माळा किमान ३५ चौरस फुटांचा हवा आणि कुठलीही बाजू ५ फुटांहून कमी नको.

आता वजन. प्रत्येकी ७,००० पौंड पेलणारे दोन एक्सल म्हणजे ट्रेलर, घर आणि सामान मिळून जास्तीत जास्त १४,००० पौंड. त्यातलं १० ते १५ टक्के वजन पुढच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या सांध्यावर, पडलं पाहिजे. स्वयंपाकघर, फ्रिज, पाण्याची टाकी सगळं मागे ढकललं की हिच हलकी होते आणि हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके खायला लागतो. हे जीवघेणं आहे, इथे तडजोड नको. ४० गॅलनची भरलेली टाकी नुसत्या पाण्याचे ३३० पौंडांहून जास्त वजन धरते. ती एक्सलवर, जमिनीलगत ठेवा. फ्रिज आणि जिना एकाच बाजूला आले तर त्या बाजूचे टायर लवकर झिजतात.

सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. सिंक १२ फूट लांब गेलं की पाइप ३ इंच खाली लोंबतो आणि रस्त्यावर पहिला तोच आपटतो. म्हणून ओटा आणि न्हाणीघर एकाच भिंतीच्या दोन अंगांना घ्या. शॉवरचा ट्रॅप (पाणी साठून दुर्गंध अडवणारा पाइपचा वाकडा भाग) नेमका आडव्या बारवर येणार नाही हेही आत्ताच तपासा. पोलाद कापलं तर चौकट कमजोर होते.

आपल्या स्वयंपाकासाठी एक गोष्ट आवर्जून: चिमणीचा धूर थेट बाहेर जायलाच हवा. हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी लावली तर फोडणीचा खाट सरळ माळ्यावरच्या पांघरुणात मुरतो. गादीखाली पट्ट्यांचा पाट ठेवा. नुसत्या प्लायवर थंडीत दव धरतं आणि बुरशी येते.

नकाशा पक्का झाला की गॅरेजच्या फरशीवर पेंटरच्या टेपने तो पूर्ण मापात आखा. ओव्हनच्या दाराच्या जागी पुठ्ठा ठेवा, दोघांनी एकाच वेळी आत वावरून बघा, एक ओट्याशी आणि दुसरा न्हाणीघराकडे जाताना. जिथे अंग आक्रसावं लागतं तिथे खूण करा आणि ट्रेलरची ऑर्डर त्यानंतरच द्या.