धोळावीरा: पाण्याची वाट धरून बघावं असं शहर

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा आई घागरी ओळीने मांडून टँकरची वाट बघत बसायची. त्यामुळे कच्छची सहल ठरली तेव्हा पांढऱ्या रणाच्या आधी मी हडप्पा संस्कृतीतलं धोळावीरा पक्कं केलं आणि आईला सोबत घेतलं. जेमतेम पावसाच्या मुलखात, चारी बाजूंनी खारट रण असलेल्या खडीर बेटावर, साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी भरभक्कम दगडी शहर उभं केलं आणि शतकानुशतकं चालवलं. ते कसं चालवलं, एवढंच मला बघायचं होतं.

भुजहून खावड्यामार्गे रणातून जाणारा नवा रस्ता घ्या. भचाऊ-रापरच्या जुन्या रस्त्याने अंतर दोनशे किलोमीटरच्या वर जातं, खावड्याकडून ते बरंच कमी भरतं. शिवाय दोन्हीकडे पांढरं मीठ आणि मधून सरळ रस्ता, हे दृश्य जुन्या वाटेवर नाही. पेट्रोल भुजलाच भरा आणि खाण्याचं सोबत ठेवा. आमची भाड्याची गाडी दोन तास उशिरा आली, त्यामुळे आम्ही पोहोचलो ते ऐन बारा वाजता. तिथे सावली अशी नाहीच. आईला घेऊन उन्हात फिरणं शक्य नव्हतं, म्हणून गावातच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडताच आत गेलो. तुम्हीही मुक्कामाच्याच तयारीने या. भुजहून एका दिवसात जाऊन-येऊन गाडीत बसणंच जास्त होतं. महिना डिसेंबर किंवा जानेवारी.

गावकरी या जागेला कोटडा टिंबा म्हणतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जगत्पती जोशींनी साठच्या दशकात ती उजेडात आणली. रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखाली १९९० पासून मोठं उत्खनन झालं आणि २०२१ साली ती जागतिक वारसा यादीत आली. तटाच्या आतलं शहर ७७१ मीटर लांब, ६१७ मीटर रुंद, म्हणजे बरोबर पाचास चार. बालेकिल्ला, मधली वस्ती, खालची वस्ती, सगळं दोरी लावून आखलेलं.

बहुतेक लोक थेट बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजाकडे जातात, कारण तिथल्या एका खोलीत दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला. जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर बसवून केलेली ती अक्षरं अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. पण मूळ फलक झाकून ठेवलेला आहे, त्यामुळे तिथे जाऊन हाती फारसं लागत नाही. माझं ऐका, सुरुवात पूर्वेच्या मोठ्या हौदापासून करा.

हा हौद ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि साडेदहा मीटर खोल आहे. काठावर उभी राहून आई बराच वेळ काही बोलली नाही. मी मनात हिशेब मांडला: काठोकाठ भरला तर सव्वादोन कोटी लिटर पाणी. लातूरला पन्नास डब्यांची गाडी यायची ती पंचवीस लाख लिटरची. म्हणजे अशा नऊ गाड्या एका हौदात! आणि हौद एकच नाही. उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर, दोन्ही पावसाळी ओढे. त्यांना बांध घालून पाणी शहराकडे वळवलेलं. शहराला १३ मीटरचा उतार आहे, तोच हाताशी धरून हौद एकापाठोपाठ एक बसवलेत. दक्षिणेकडचे तर खडकात कोरलेत. काठाकाठाने चाला, पाणी कुठून शिरलं आणि पुढे कुठे गेलं ते आपोआप कळत जातं. पायऱ्या उंच-सखल आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा.

बालेकिल्ल्यात वर पडलेला पाऊससुद्धा वाया जाऊ दिलेला नाही. जमिनीखालून दगडी नाले काढलेत, त्यातला मुख्य नाला माणूस चालत जाईल एवढा उंच आहे. तिथेच एक मोठी दगडी विहीर आहे. तिच्या काठाच्या शिळेवर दोराने पडलेल्या खाचा आहेत, खोल आणि गुळगुळीत. आई वाकली. "आपल्या मळ्यातल्या आडाला अशाच होत्या बघ. शेंदून शेंदून बोटं सोलायची." मी इतकी वर्षं पुस्तकांतून हडप्पा संस्कृती वाचत होतो, पण पाणी शेंदणारे हात मला तिथे पहिल्यांदा दिसले.

पूर्व दरवाजात दगडी खांबांचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे आहेत, तिथे नक्की थांबा. कडेने आत वळलेला गोल आकार, चुनखडीच्या दगडातले पिवळसर-लालसर पट्टे आणि अजून टिकलेली चकाकी. आपल्याकडच्या कोरीव लेण्यांच्या दोन हजार वर्षं आधीचं हे काम. सकाळच्या तिरप्या उन्हातच ते खुलतं. हात मात्र लावू नका.

गावातला वाटाड्या घ्याच. उत्खननावर राबलेली माणसं याच गावातली, त्यामुळे कुठला दगड कुठल्या खड्ड्यातून निघाला हे इथे घराघरांत माहीत असतं. पूर्ण फेरीला तीन तास ठेवा. संग्रहालय शेवटी बघा, म्हणजे मणी, मुद्रा आणि वजनं कुठल्या गल्लीतली असतील ते डोळ्यांसमोर येतं. वेळ उरला तर जवळच झाडांचे जीवाश्म आहेत, अर्धा तास पुरतो.

निघण्यापूर्वी बालेकिल्ल्यावरच्या गोल घरांच्या पायाभरणीच्या खुणा विचारून बघा. शहर ओस पडल्यावर काही काळाने लोक परत आले, पण त्यांनी चौकोनी दगडी घरं बांधली नाहीत, गोल झोपड्या घातल्या. परतीच्या वाटेवर खावड्याच्या अलीकडे भुंगे, म्हणजे कच्छमधल्या गोल झोपड्या, दिसले तेव्हा आईनेच गाडी थांबवायला सांगितली. एका भुंग्याच्या दाराशी प्लास्टिकची निळी टाकी होती आणि एक बाई तिच्यातून हंडा भरत होती.