अडीच वर्षांनंतरचे जंगल

गेल्या मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीच्या वरच्या अंगाला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी उरलेल्या जंगलात, आम्ही तिघे जण दोरीने चौकोन आखून झाडे मोजत होतो. पाच वर्षांच्या एका संवर्धन प्रकल्पाला अडीच वर्षे पूर्ण झाली होती. त्याचे मध्यावधी मूल्यमापन करणाऱ्या गटात वनस्पतींची बाजू पाहण्याचे काम माझ्याकडे होते. प्रकल्पाचे स्वरूप थोडक्यात असे, की खासगी जंगलांच्या मालकांशी तोड न करण्याचा करार करायचा, त्याबद्दल त्यांना दरवर्षी काही मोबदला द्यायचा आणि जिथे जंगल विरळ झाले आहे तिथे स्थानिक झाडांची रोपे लावायची. संस्थेचे नाव येथे घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेपुरता नाही.

कोकणात असा प्रकल्प का लागतो, हे आधी सांगायला हवे. पश्चिम घाटातील 39 स्थळांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रात आहेत आणि ती चारही घाटमाथ्याच्या बाजूला आहेत. खाली उतरले की रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश जंगल सातबाऱ्यावरचे, म्हणजे लोकांच्या मालकीचे आहे. एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात आणि त्यांतील निम्मे हिस्सेदार मुंबईत असतात. ठेकेदार उभे जंगल विकत घेतो, लाकूड जळणासाठी घाटावर जाते आणि काही वर्षांनी खुंटांना फुटवे आले की पुन्हा तोड होते. खऱ्या अर्थाने सदाहरित म्हणावे असे जंगल आता पऱ्यांच्या काठी, देवरहाटीत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात) आणि घाटाच्या अवघड उतारांवरच शिल्लक आहे.

पाहणीला निघण्यापूर्वी प्रकल्पाचा अहवाल आमच्या हाती आला होता. किती रोपे लावली, किती करार झाले, किती सभा घेतल्या, याचे तक्ते त्यात होते आणि ते सगळे भरलेले होते. अनुदान देणाऱ्यांच्या नमुन्यात हेच रकाने असतात, त्यामुळे कार्यकर्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या तक्त्यांत जंगल कुठेच नव्हते.

जगलेल्या रोपांची मोजणी ऑक्टोबरमध्ये झाली होती, हे मला प्रत्यक्ष तिथे गेल्यावर कळले. सह्याद्रीच्या उत्तर भागातील पावसाळी जंगलाची सगळी अडचण या एका तारखेत आहे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले सात-आठ महिने झाडाला कोरडे काढावे लागतात. केरळकडे जावे तसे हे कोरडे महिने कमी होत जातात. म्हणून ऑक्टोबरात प्रत्येक रोप जिवंत दिसते. रोप टिकले की नाही हे कळते ते दुसरा उन्हाळा सरताना, मे अखेरीस. कातळाला लागून असलेल्या एका लागवडीत आम्ही खड्डे शोधत फिरलो, तेव्हा अनेक खड्ड्यांत सुकलेली काडीच उभी होती आणि काही ठिकाणी वणव्याने तीही ठेवली नव्हती. त्याच लागवडीच्या खालच्या कडेला, जुन्या आंब्यांच्या सावलीत लावलेले जांभूळ आणि पिसा मात्र कोवळ्या पालवीने तरारले होते. सावली हवी, ओल हवी, आणि पहिली दोन वर्षे वणव्यापासून राखण हवी, ही गोष्ट तिथल्या कोणत्याही गुराख्याला ठाऊक होती.

त्याहून मोठी उणीव तुलनेची होती. संरक्षित तुकड्यात रोपटी वाढली, असे म्हणताना तोच तुकडा नुसता सोडून दिला असता तर काय झाले असते, हे विचारावेच लागते. या बाबतीत तमिळनाडूतील वालपराईचे काम मला सतत आठवत होते. अनामलाई डोंगरातील चहाच्या मळ्यांत अडकलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांवर नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था दोन दशकांहून अधिक काळ काम करत आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी तीन प्रकारच्या जागा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: लागवड करून राखलेल्या, आपोआप वाढू दिलेल्या आणि न बिघडलेल्या मूळ वनाच्या. छत्र (वरच्या फांद्या-पानांचे आच्छादन), झाडांची दाटी, जातींची विविधता आणि साठलेला कार्बन अशा निरनिराळ्या बाबतीत लागवड केलेल्या जागा मूळ वनाच्या दिशेने 14 ते 82 टक्के अधिक सरकल्या होत्या, आणि मोठ्या जंगलापासून तुकडा जितका दूर, तितका काही बाबतींत लागवडीचा फायदा जास्त होता. ही लागवड सात ते पंधरा वर्षे जुनी होती, हे विसरता कामा नये. आमच्याकडे अडीच वर्षे होती आणि तुलनेसाठी सोडलेला एकही तुकडा नव्हता. सुरुवातीची नोंदसुद्धा काम सुरू झाल्यावर वर्षभराने घेतलेली होती.

गटातील एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की उपग्रहाची चित्रे पाहून ही उणीव भरून काढता येईल. मी त्याला विरोध केला. देशाच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या, दहा टक्के किंवा अधिक छत्र असलेल्या कोणत्याही जागेची गणना वनाच्छादनात होते. मालकी कोणाची, झाड कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्गात मिश्र जंगल तोडून रबर लावले, किंवा इकडे ऐन, किंजळ, अंजनी काढून काजू लावला, तरी काही वर्षांत वरून पाहणाऱ्याला हिरवेच दिसते. जमिनीवर उतरून, खोडाचा घेर मोजून आणि जात ओळखून केलेल्या नोंदीला आजही पर्याय नाही.

मला सर्वांत अवघड वाटला तो करारांचा प्रश्न. करार झालेली जंगले नकाशावर मांडली, तेव्हा त्यातील बरीचशी अशा उतारावर निघाली जिथे ट्रक पोहोचतच नाही. ठेकेदाराने ती कधी मागितलीही नसती. ज्याला धोका नव्हता ते वाचवल्याची नोंद होत होती, आणि रस्त्याला लागून असलेले दाट जंगल कराराबाहेर राहिले होते. त्या जंगलाचे मालक असलेले वयस्कर गृहस्थ आम्हाला पडवीत बसवून शांतपणे म्हणाले, “सर, तुमचे पैसे मार्चअखेर येतात. ठेकेदार गणपतीच्या आधी आगाऊ देऊन जातो. गरज काय मार्चची वाट बघत बसते?” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आम्ही दोन दिवस शोधत होतो ते कारण त्यांनी एका वाक्यात दिले होते.

एक गोष्ट मात्र प्रकल्पाने निःसंशय साधली होती. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक जुना बेहडा आहे, दोघांच्या कवेत न मावणारा, आणि त्याच्या ढोलीत महाधनेशाचे घरटे आहे. गावात या पक्ष्याला गरुड म्हणतात. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसलेली असताना नर दिवसभर फळे आणून भरवतो आणि झाडाखाली रानफळांच्या बियांचा सडा पडतो. हे झाड विकायचे ठरले होते आणि कार्यकर्त्यांनी सगळ्या हिस्सेदारांच्या, मुंबईतल्यांच्याही, सह्या मिळवून ते थांबवले. अहवालात ही इतर करारांसारखीच एक ओळ होती. मी जर गुण देत असतो तर या एका झाडाला डोंगरावरच्या कित्येक एकरांपेक्षा अधिक दिले असते, कारण ते खरोखर तुटणार होते, आणि अशा मोठ्या ढोलीचे झाड तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात.

आम्ही लिहून दिलेल्या शिफारशी मोठ्या नव्हत्या. नवी लागवड थांबवावी आणि तो पैसा आहे त्या रोपांची राखण, वणवा अडवण्यासाठी जानेवारीपूर्वी काढायच्या जाळरेषा आणि उन्हाळ्यातील पाणी यांवर वळवावा. मोबदला गणपतीपूर्वी द्यावा. करारासाठी जंगल निवडताना रस्त्यापासूनचे अंतर आणि मोठ्या झाडांची संख्या आधी पाहावी. रोपांची मोजणी मे महिन्यातच व्हावी, आणि कराराबाहेरच्या काही तुकड्यांतही तेवढ्याच आकाराचे चौकोन आखावेत. लागवडीचे ठरलेले उद्दिष्ट अर्ध्यावर सोडण्याची कल्पना बैठकीत अनेकांना रुचली नाही, आणि त्यांची भीती मी समजू शकतो, कारण पुढचा हप्ता त्या आकड्यावर अवलंबून होता. पण मध्यावधी मूल्यमापनानंतर उरलेल्या अर्ध्या काळाचे काम बदलणार नसेल, तर तीन माणसांनी आठ दिवस डोंगर चढण्याची गरज नव्हती, असे मी तिथे स्पष्ट बोललो. दीर्घ चर्चेनंतर मोबदल्याची तारीख आणि मेमधील मोजणी या दोन गोष्टी मान्य झाल्या. लागवडीचा निर्णय अनुदान देणाऱ्यांकडे पाठवला आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी चौकोनांच्या कोपऱ्यांवर जांभ्याचे चिरे पुरले आणि प्रत्येक मोठ्या झाडाला क्रमांक दिला. कराराबाहेरच्या दोन तुकड्यांत ही परवानगी त्या वयस्कर गृहस्थांनी आपणहून दिली आणि चिरेही त्यांच्याच गड्याने आणून टाकले. प्रकल्प संपेपर्यंत अजून दोन मे महिने आहेत.