लॅमिंग्टन रोड, हातात यादी घेऊन

शनिवारी सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन पुण्याहून धरली. सोबत अकरावीतली भाची, आणि पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला माझ्या मामाचा रेडिओ. तो मामाने स्वतः बांधलेला. लाकडी खोका, वर जाळीचं कापड, आत सहा ट्रान्झिस्टर. दोन वर्षं तो मुका होता. उघडून पाहिलं तर आउटपुटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या, एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जोडीतला एक गेलेला. घरबसल्या मागवता येतो का ते पाहिलं होतं, पण मला तो मुंबईत, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्ट्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवरच घ्यायचा होता. कारण १९८७ साली पहिली जोडी तिथेच घेतली होती आणि तेव्हा मी मामाचं बोट धरून उभा होतो.

दादरला उतरून चर्चगेटची धीमी लोकल घेतली. ग्रँट रोडला पूर्वेकडून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत रस्ता लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनचं नाव मात्र लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही, त्यामुळे पत्ता विचारताना तेच सांगा.

मामा गिरगावात चाळीत राहायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मला घेऊन तो चालतच निघायचा. आधी स्टेशनजवळच्या बी. मेरवानमध्ये मावा केक, मग खरेदी. खिशात वहीचं चौघडी घातलेलं पान. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असे: गँग (फिरवून स्टेशन लावायचा कंडेन्सर) एक, फेराइट रॉड एक, आयएफटीचा सेट एक, ओए ७९ एक, रेझिस्टन्स, कंडेन्सर. दुकानं म्हणजे जिन्याखालच्या खोल्या. भिंतभर छोटे खण, प्रत्येकावर शाईने लिहिलेला नंबर. शेठ यादी हातात घेई, वाचे आणि माल काढायच्या आधी विचारे, "काय बनवताय?" मामा सांगे. मग शेठ यादीतल्या दोन ओळी खोडून दुसरंच काही लिही. बीसी १०७ मागितला तर म्हणे, "हा महाग पडेल, बीसी ५४७ घेऊन जा. पण पायांची रचना वेगळी आहे, बघून लावा." आणि तिथेच कागदावर चित्र काढून दाखवी: सपाट बाजू आपल्याकडे, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तो क्रम मी शाळेतल्या पुस्तकात नंतर कधीतरी पाहिला असेल, पण शिकलो त्या पुडीच्या कागदावर.

एसी १२८ ची जोडी देताना त्याने दहा-बारा नग काउंटरवर ओतले. काट्याच्या मीटरवर एकेक लावून बघत गेला आणि काटा ज्या दोघांना जवळपास सारखा हलला ते दोन बाजूला काढले. "भाऊ-भाऊ पाहिजेत, नाहीतर आवाज फाटेल," असं म्हणाला. पाठीमागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. कोणी कुरकुर केली नाही. बहुतेक त्यांनाही तसंच निवडून हवं होतं.

आता ते दुकान नाही. त्या जागी सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि डीव्हीआर आहेत. रस्त्यावर मोबाइलचं सामान, लॅपटॉप, एलईडीच्या पट्ट्या यांची गर्दी जास्त. पण सुट्या पार्ट्सची दुकानं संपलेली नाहीत. मुख्य रस्त्यावर दिसली नाहीत तर इमारतींच्या आत शिरा, जिने चढा, बोळात वळा. भाचीला ईएसपी ३२ चा, म्हणजे वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड हवा होता. तिने नुसतं नाव सांगितलं. काउंटरवरच्या तरुणाने विचारलं, "तीस पिनचा की अडतीस? ब्रेडबोर्डवर लावणार का?" मला फार बरं वाटलं. विचारणारा माणूस अजून आहे.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सकाळी अकराच्या आधी पोचून फार उपयोग नाही. गाडी तर मुळीच नेऊ नका. यादी मात्र घरून पूर्ण लिहून न्या. पाच व्होल्टचा रेग्युलेटर हवा तर नुसतं "७८०५" लिहू नका. एक अँपिअरचा मोठा हवा की शंभर मिलिअँपिअरचा छोटा ७८एल०५, ते लिहा. कंडेन्सरला मायक्रोफॅरडसोबत व्होल्टही लिहा. जास्त व्होल्टचा चालतो, पण आकाराने मोठा असतो आणि बोर्डावर बसत नाही. जुनी वस्तू दुरुस्त करत असाल तर जळालेला पार्ट खिशात ठेवा, दहा वाक्यांचं काम तो करतो. रेझिस्टन्स काही ठिकाणी शंभरच्या पाकिटातच मिळतात. ४.७ के आणि १० के (किलोओहम) ची पाकिटं घेऊन टाका, कधीच वाया जात नाहीत.

डुप्लिकेट मालाचं दुखणं खरं आहे, विशेषतः पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये. एकाच नंबरचा माल दोन वेगळ्या दरांनी सांगितला तर फरक स्पष्ट विचारा, चांगला दुकानदार लपवत नाही. पावती घ्या. मीटर सोबत असेल तर ट्रान्झिस्टर आणि डायोड तिथेच तपासा, कारण एकदा नेलेला आयसी सहसा परत घेत नाहीत. सोल्डर वायर स्वस्तातली घेऊ नका. साठ-चाळीसची (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं), आत राळ असलेली घ्या. नवशिक्यांचे निम्मे जोड खराब वायरमुळे बिघडतात असं माझं मत आहे.

एसी १२८ साठी आम्ही नऊ दुकानं फिरलो. बहुतेकांनी मान हलवली. दोघांनी सिलिकॉनचा लावा म्हणून सुचवलं, पण मग बायसचे, म्हणजे ट्रान्झिस्टरला सुरुवातीचा प्रवाह ठरवून देणारे, रेझिस्टन्स बदलावे लागले असते आणि मामाच्या हातचे जोड मला उकलायचे नव्हते. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या एका काकांनी खालच्या खणातून डबी काढली. त्यात तीनच नग होते. त्यांनी डिजिटल मीटरवर लावून पाहिले. एक मेलेला. उरलेल्या दोघांचे आकडे बरेच लांब. काका म्हणाले, "जोडी होत नाही हो. एकाचेच पैसे द्या, दुसरा असाच न्या." मी दोघांचे दिले.

परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून १७:१० ला असते. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ तिथपर्यंत झाल्याने ग्रँट रोडहून गिरगाव, काळबादेवी आणि पुढचं सीएसएमटी, एवढाच प्रवास. तरी चारला निघा. वेळ उरलाच असता तर चोर बाजारात जुने स्पीकर बघायचे होते, ते राहिलं.

रविवारी दुपारी भाचीनेच जोड केले. पाय लांब ठेवून, चिमट्याने धरून, जर्मेनियमला उष्णता लागू न देता. सेल घातले, गँग फिरवली आणि ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लागलं. आवाज अर्ध्यापर्यंत स्वच्छ आहे. त्यापुढे फाटतो.