बसमधल्या घरातला गिझर

डिसेंबरात परभणीत गिझरवाल्याला जेवायला फुरसत नसते. कृषी विद्यापीठाचा पाऱ्याचा आकडा पेपरात आला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू, पाणी कोमट येतंय, लाईट ट्रिप होतीय, टाकी गळायली. बहुतेक ठिकाणी कारण एकच, बोअरचं पाणी. एलिमेंट बाहेर काढलं की त्यावर क्षाराचा असा थर असतो की स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून काढावा लागतो, आणि लोक म्हणतात कंपनी खराब. हे रोजचंच आहे. पण या सीझनचं एक काम डोक्यातून जाईना म्हणून लिहायलो.

वसमत रोडला शहराबाहेर एका शेतात पत्र्याचं शेड आहे, तिथं एक मिनीबस उभी होती. मालक एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर काका. जन्मभर दुसऱ्यांना देवाला नेलं, आता घरच्यांना न्यायचं म्हणून शाळेची जुनी बस घेतली आणि बाहेरगावच्या एका बॉडीवाल्याकडून आत घर करून घेतलं. बेड, ओटा, कपाटं, मागच्या बाजूला संडास-बाथरूम. जाणार तिघं, काका, काकू आणि काकांची आई. बारा ज्योतिर्लिंगं करायची, औंढा-परळी-घृष्णेश्वर ही आपली तीन आधी आणि मग वर केदार-बद्रीपर्यंत. फोनवर मला काम एवढंच सांगितलं, "गिझर बसवलेलाच हाय, फक्त गॅसची नळी जोडून द्या, दहा मिनिटाचं काम."

मी आत जाऊन बाथरूमचं दार उघडलं आणि तिथंच थांबलो. तीन बाय तीनचं बाथरूम, चारी बाजूंनी शीट मारून पॅक, वर हाताएवढी सरकती खिडकी, आणि समोर प्लायवर लटकवलेला सहा लिटरचा इन्स्टंट गॅस गिझर. आपल्याकडं सर्रास मिळतो तो, बिनधुराड्याचा. जळालेली हवा वरच्या जाळीतून सरळ खोलीत सोडणारा. गिझरसोबतचं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं, त्यात बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा असं चित्रासकट दिलंय. पिशवी कुणी फोडलेलीच नव्हती.

मी म्हणलं काका, हा मी जोडत नाही.

आता अडचण अशी की गिझर दिला होता जावयानं. पुण्याहून ऑनलाइन मागवून, सासऱ्याच्या बसला भेट म्हणून, आणि पाहुणे त्या दिवशी तिथंच हजर. काकांचा चेहरा बघवेना, जावयानं दिलेली वस्तू त्याच्यासमोर परत कशी काढायची. जावई माणूस चांगला, शिकलेला, आजीला गार पाण्यानं अंघोळ करावी लागू नये एवढीच त्याची इच्छा. पण त्याचं म्हणणं, "मी किती व्हिडिओ बघितलेत, बाहेरच्या देशात सगळ्या कॅरव्हॅनमध्ये गॅसचेच हीटर असतात."

बरोबर आहे, बऱ्याच गाड्यांत असतात. पण ते हीटर वेगळे. त्यांचा बर्नर बंद पेटीत असतो, जळायला हवा गाडीच्या बाहेरून घेतो आणि धूरही भिंतीतल्या पाइपातून बाहेरच टाकतो, आतल्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. व्हिडिओत बाहेरची ती जाळी दोन सेकंद दिसते आणि कुणी ती काय आहे हे सांगत नाही. तसला मागवायचा तर बाहेरून येणार, किंमत काकांच्या बजेटच्या पलीकडं, आणि बिघडला तर हात लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधावा लागेल.

आजी बेडवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यापरीस आपला तांब्याचा बंब ठिवा की मागं." सगळे हसले, मी नाही हसलो, कारण आजींच्या बंबाला मधून धुराडं तरी असतं, भिंतीवरच्या या वस्तूला तेही नव्हतं.

मी वहीत हिशोब करून दाखवला. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. असला गिझर फुल्ल चालला तर तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस खातो, म्हणजे तासाला दहा घनमीटर हवा. या बाथरूममध्ये हवा आहे किती, तर दीड-पावणेदोन घनमीटर. दहा मिनिटांत संपली. आणि ती संपायच्या लई आधीच ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीनं जास्त घट्ट धरतो, माणसाला वाटतं थंडीनं डोकं जड झालंय, म्हणून तो खाली बसतो आणि उठत नाही. दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते, बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू, आणि शेजारीपाजारी म्हणतात अटॅक आला असंल.

जावई म्हणाले, "खिडकी आहे की." आहे ना. पण डिसेंबरात पहाटे म्हातारं माणूस अंघोळीला बसल्यावर खिडकी उघडी ठेवणार का? आणि वर बद्रीनाथला, जिथं हवाच विरळ, तिथं ठेवणार का?

पटेना तेव्हा मी माझा सीओ मीटर काढला, सीओ म्हणजे हाच कार्बन मोनॉक्साइड. बॅटरीवर चालतो, स्क्रीनवर पीपीएम दिसतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत हा वायू किती भाग. तो बाथरूममधल्या साबणाच्या फळीवर ठेवला, काकांचं पाच किलोचं सिलिंडर बसच्या बाहेर जमिनीवर ठेवून तात्पुरती नळी लावली, गरम पाण्याचा पाइप लांबवून बाहेर सोडला आणि सगळ्यांनाच बसमधून खाली उतरवलं. हा गिझर पाणी वाहायला लागलं की आपोआप पेटतो, त्यामुळं आत कुणी असायची गरजच नाही. दार बंद, खिडकी बंद, अंघोळीच्या वेळी असेल तसंच. सरकत्या खिडकीच्या काचेतून मीटर दिसत होता, मी शिडीवर आणि माझ्या शेजारी जावई.

सुरुवातीला शून्य. दोन-तीन मिनिटं काहीच नाही, जावयांनी माझ्याकडं बघितलं. मग तीस, चाळीस, ऐंशी, आणि त्यानंतर आकडा चढायला लागला तो थांबेचना. गिझरच्या पुढच्या भोकातून ज्योत दिसते, ती निळी होती तिचे शेंडे पिवळे व्हायला लागले आणि लपलपायला लागली. तीनशेच्या वर गेल्यावर अलार्म वाजला, शेडात पार घुमला तो आवाज. साडेचारशेला मी सिलिंडर बंद केलं. असल्या गिझरला वीस मिनिटांचा टायमर असतो, त्याच्या निम्मा वेळही झाला नव्हता. ८०० पीपीएमला पाऊण तासात चक्कर-मळमळ सुरू होते आणि दोन-तीन तासांत माणूस जाऊ शकतो, १६०० ला हे सगळं तासाभरात. आणि त्या बाथरूमच्या दाराला खालून हवेसाठी फटी ठेवलेल्या होत्या, त्या उघडत होत्या आजींच्या बेडकडं.

जावई शिडीवरून उतरले आणि स्वतःच म्हणाले, "काढा." काका काहीच बोलले नाहीत, सगळी दारं-खिडक्या उघडून बराच वेळ बसकडं बघत उभे राहिले. मग काकूंनी विचारलं, "मग आता पाणी कशानं तापवायचं?"

इथून पुढचं काम मला मनापासून आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोक दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतात, किती लिटरचा? बसच्या घरात पहिला प्रश्न हा की ऊर्जा कुठून येणार. जावयांचा दुसरा पर्याय होता इन्व्हर्टर आणि तीन किलोवॅटचा लाईटवरचा इन्स्टंट गिझर. तीन किलोवॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५० अँपिअर, मनगटाएवढ्या केबल टाकाव्या लागतील. पंधरा लिटरची एक बादली १८ अंशावरून ४० वर न्यायला सुमारे ०.३८ युनिट लागतं, तिघांचं मिळून सव्वा युनिट धरा. १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरली तर १.८ युनिट, त्यातलं निम्मंच वापरावं नाहीतर बॅटरी लवकर मरते. म्हणजे फक्त अंघोळीत बॅटरी संपली, मग पंखा, लाइट, पाण्याचा पंप कशावर? सोलरच्या काचेच्या नळ्या आपल्याकडच्या खड्ड्यांत टिकायच्या नाहीत.

पण बसमध्ये एक भट्टी आधीच आहे, इंजिन. चालू इंजिनचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ८० ते ९० अंशावर फिरत असतं आणि ती उष्णता रेडिएटर फुकट हवेत सोडतो. बोटींमध्ये याच्यावर पाणी तापवायची पद्धत जुनी आहे, टाकीत कॉइल टाकायची आणि त्या कॉइलमधून कूलंट फिरवायचं. काका एकदम खुलले, इंजिनची गोष्ट निघाल्यावर ड्रायव्हर माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणाले, "म्हंजी दिवसभर गाडी चालवायची आन् सकाळी त्याच गरमीत अंघूळ. असं कामून नाही सांगितलं कुणी आधी?"

वीस लिटरची स्टेनलेसची टाकी आर्गन वेल्डिंगनं करून घेतली, भोवती उष्णता धरून ठेवायला दोन इंच पफ (फोम). आत अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपची कॉइल, गावातल्या जुन्या रेडिएटरवाल्या चाचांनी वळवून दिली, आणि अट एकच, टाकीच्या आत एकही जोड नको. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, आतला जोड गळला तर ते अंघोळीच्या पाण्यात येईल. चाचांनी अख्खा पाइप वाळू भरून वळवला म्हणजे पिचकत नाही, मग हायड्रो पंपानं प्रेशर देऊन रात्रभर ठेवला, सकाळी काटा हलला नव्हता. इंजिनकडच्या दोन्ही होजला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीकडं काही गडबड झाली तर ते बंद करून गाडी पुढं नेता येते.

जोडीला १००० वॅटचं एलिमेंट टाकलं, गाडी दोन-चार दिवस एकाच जागी उभी राहिली तर वापरायला. दुकानदार २००० चं घ्या म्हणत होता. पण धर्मशाळेत नाहीतर ढाब्यावर मिळतो तो सहा अँपिअरचा प्लग, त्यावर दोन हजार वॅट लावलं तर बोर्ड जळतो आणि शिव्या काकांना. हजारवर तासाभरात टाकी तापते. असल्या ठिकाणी अर्थिंगचा भरवसा नाही आणि बसची बॉडी पूर्ण लोखंडी, म्हणून गाडीतच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवला, त्यात तडजोड नाही.

टाकी भिंतीला लटकवली नाही, मागच्या चाकाजवळ फ्लोअरला रबर पॅडवर पट्ट्यांनी कसली. प्लायवर टांगलेला भरलेला गिझर खड्ड्यात ब्रॅकेटसकट खाली येतो, हे बॉडीवाल्यांना कधी कळणार देव जाणे. प्रेशर वाढलं तर सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याचा पाइप गाडीखाली. आणि नळाच्या आधी गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह ४५ वर सेट केला, कारण कूलंटनं पाणी ८० पर्यंत जाऊ शकतं आणि आजी हात घालूनच पाणी बघतात. त्याच्यामागं जाळी, ती महिन्याला धुवायची, हे काकूंना दोनदा करून दाखवलं.

वीस लिटर कमी नाही का, असं सगळ्यांनी विचारलं. आपण शॉवर घेत नाही, बादली घेतो. टाकीत ७० अंशाचं वीस लिटर असेल तर गार पाणी मिसळून ४० अंशाचं सत्तेचाळीस लिटर होतं, म्हणजे तीन बादल्या भरून वर उरतं. रात्रीतून आठ-दहा अंश उतरले तरी तिघांचं भागतं. काकू तर म्हणाल्या, बद्रीनाथला तप्तकुंडच आहे, तिथं गिझर लागतच नाही.

टेस्टिंगला काका बस घेऊन औंढ्याला जाऊन आले. संध्याकाळी टाकीचा काटा ७६, पहाटे ६७. पहिली अंघोळ आजींची. जावयांनी पुण्याहून सीओ अलार्म पाठवला, तो मी बेडच्या वर लावला, कारण स्वयंपाकाचा गॅस तर गाडीत राहणारच. त्या सिलिंडरची पेटी बाहेरून उघडणारी आणि तळाला भोकं असलेली करून घेतली, एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात सिलिंडरमुळं आग लागली आणि नऊ जण गेले, तेही यात्रेलाच निघालेले होते.

हे सगळं नीट झालं. पण गिझर काढला त्या दिवशी मी बॉडीवाल्याला फोन केला होता, की बाबा असं परत करू नको. तो म्हणाला, "आधीच्या दोन गाड्यांत असाच लावलाय, कुणाची कम्प्लेंट नाही." कम्प्लेंट करायला माणूस शिल्लक पाहिजे, असं मी त्याला तोंडावर बोललो, त्यानं फोन ठेवला. मीटरच्या स्क्रीनचा फोटो पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. माणूस वाईट नाही, त्याचं सुतारकाम सुंदर आहे, कपाटाचं एकही दार वाजत नाही. पण गॅस हे आपलं काम नाही एवढं म्हणायला त्याला जड जातं, आणि विकणारा, बसवणारा, नळी जोडणारा, प्रत्येकजण पुढच्यावर ढकलतो. माझ्याजागी कुणी दहा मिनिटांत नळी जोडून दोनशे रुपये घेऊन गेला असता.

शेवटी काकांनी स्वतः त्याच्याकडं जाऊन, समोर बसून एका गाडीच्या मालकाचा नंबर आणला. हिंगोलीकडचे आहेत, लहान लेकरं आहेत घरात. फोनवर त्यांना गिझर आजपासून बंद ठेवा म्हणून सांगितलंय, रविवारी मीटर घेऊन जातोय. दुसरी गाडी कुणाला विकली हे तो अजून सांगत नाही. मागच्या बाथरूममध्ये भिंतीवर गॅस गिझर असलेली मिनीबस कुणी अलीकडं घेतली असेल किंवा कुणाच्या बघण्यात असेल तर त्यांना आधी सिलिंडर बंद करायला लावा आणि मला कळवा, काढायचे पैसे मी घेणार नाही.