केसांच्या गोळीने घातलेला थायरॉईडचा घोळ

रक्त द्यायला गेलं की काउंटरवर एक फॉर्म पुढे सरकवतात. नाव, वय, उपाशी आहात का, शुगरची गोळी घेतली का. मी ज्या लॅबमध्ये जाते तिथल्या फॉर्मवर बाकी गोळ्यांबद्दल, व्हिटॅमिनबद्दल एक ओळही नव्हती. त्या न विचारलेल्या प्रश्नापायी मला नसलेला आजार चिकटला आणि असलेला झाकून राहिला. मधुमेह आणि केसगळती दोन्ही एकाच वेळी निस्तरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, तो मध्येमध्ये डोकावेल.

थोडं मागचं सांगते. मला टाइप २ मधुमेह आहे, बरीच वर्षं, आणि मेटफॉर्मिन पहिल्या दिवसापासून. मध्यंतरी एका तापाच्या दुखण्यात शुगर पार हाताबाहेर गेली, वजन झरझर उतरलं. नंतर सगळं ताळ्यावर आलं, एचबीएवनसीचा आकडा बघून डॉक्टर खूश झाले, आणि नेमके त्याच सुमारास केस जायला लागले. शुगर वाईट होती तेव्हा केस जागच्या जागी आणि सुधारल्यावर उशीभर केस, हे काही केल्या पटेना. त्याचं कारण नंतर कळलं. तापाचा, बिघडलेल्या शुगरचा, वजन उतरण्याचा धक्का बसला की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात, पण लगेच गळत नाहीत. ते सुटतात दोन-तीन महिन्यांनी. एचबीएवनसीसुद्धा शुगरची मागच्या दोन-तीन महिन्यांचीच सरासरी सांगते. म्हणजे आज कंगव्यात काय आलं याचं उत्तर कालच्या शाम्पूत शोधण्यात अर्थ नाही, कॅलेंडर मागे उलटायचं.

गळलेला केस एकदा उजेडात धरून बघा. मुळाकडच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढुरका, किंचित फुगीर ठिपका दिसतो. "मुळासकट उपटून आला" म्हणून मी हादरले होते. तसं नसतं. तो ठिपका विश्रांती पुरी झालेल्या केसाचा, केस जिथून उगवतो ती पिशवी कातडीच्या आत शाबूत असते. ज्या टोकांना ठिपका नसतो ते केस बहुधा मधूनच तुटलेले. एरवीही दिवसाला ५० ते १०० केस जाणं चालतं, त्यामुळे मोजत बसू नका. मोजण्याने मला फक्त झोप लागेनाशी झाली.

त्वचेच्या डॉक्टरांकडचा भाग सुरळीत गेला. त्यांनी केसांची बट चिमटीत धरून ओढून पाहिली, भिंगाच्या यंत्रातून भांग तपासला, चाई पडलेली नाही असं सांगितलं आणि केसांसाठी गोळ्या लिहून दिल्या. त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन होतं, १० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं जेमतेम ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत गरजेच्या तीनशेपटीहून जास्त. हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही. वर थायरॉईड, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या, असंही म्हणाल्या. शुगरच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीच्या रक्तातच त्या तपासण्या लिहून टाकल्या. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. फक्त एकीची चिठ्ठी दुसऱ्यांच्या टेबलावर कधी पोचली नाही.

आणि रिपोर्ट आला. थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन, टीएसएच, पार तळाला; थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन, टी-फोर, वरच्या मर्यादेच्याही वर. अर्थ एकच, थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतोय. गंमत अशी की सगळं चपखल बसत होतं. थायरॉईड वाढला की केस गळतात, शुगरही चढते, वजन उतरतं. माझ्या कागदावर हे तिन्ही होतं. त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. मला मात्र येत होती. थायरॉईड जास्त असलेल्या माणसाची छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, उकाडा सोसत नाही. मला यातलं काही नव्हतं. उलट दुपारी बसल्या जागी पेंग यायची. हे मी बोलून दाखवलं तर "प्रत्येकाची लक्षणं सारखी नसतात" असं उत्तर मिळालं. मग अँटिबॉडीची तपासणी झाली, तीही वाढलेली! आता तर आजाराला नावही मिळालं, ग्रेव्हज, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच थायरॉईडला जास्त कामाला लावते तो. स्कॅन करावा लागेल, हॉर्मोनच्या तज्ज्ञांना दाखवा, गोळ्या त्या ठरवतील.

तज्ज्ञांची वेळ काही आठवड्यांनंतरची. हा काळ कसा गेला ते विचारू नका. रात्री मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, ती शहाण्यासारखी सावकाश चाललेली असायची, तरी पुन्हा मोजायची. डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात का म्हणून आरशात बघायचं. मुलगी म्हणायची, "आई, तुझे डोळे आहेत तसेच आहेत, झोप आता." आणि रोज सकाळी न चुकता केसांची गोळी, कारण ती डॉक्टरांनी लिहिलेली.

मध्येच लॅबमध्ये जाऊन मी विचारलं, रिपोर्ट चुकीचा असू शकतो का. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे बघितलंही नाही. "मॅडम, मशीन ऑटोमॅटिक आहे." मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी तेच ठेवलेलं रक्त पुन्हा यंत्रात घातलं. आकडा तसाच आला. "बघा, कन्फर्म आहे." त्याच नळीतलं रक्त त्याच यंत्रात घातल्यावर दुसरं काय येणार? चूक रक्तात मिसळलेल्या गोष्टीची असेल तर ती दहा वेळा तशीच येईल. हे मला आज कळतं, पण कळायला हवं होतं त्यांना. तो त्यांचा धंदा आहे.

शेवटी तज्ज्ञ भेटल्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, थरथर दिसते का बघितलं. गळा चाचपला, नाडी घेतली. मग पहिलाच प्रश्न, "केसांसाठी काही घेता का?" मी पर्समधून पाकीट काढून दिलं. त्यांनी ते उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"ने माझ्या डोक्यावरचं किती ओझं उतरलं ते सांगता येणार नाही.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. हॉर्मोन मोजणाऱ्या बऱ्याच यंत्रांत बायोटिन हेच डिंकासारखं वापरलेलं असतं. तपासणीची रसायनं त्याच्या आधारे एका जागी चिकटतात आणि मग मोजणी होते. रक्तात बाहेरून आलेलं ढीगभर बायोटिन असेल तर चिकटायच्या जागा तेच अडवून बसतं. तपासणीच्या एका पद्धतीत त्यामुळे आकडा खोटा कमी येतो, दुसऱ्या पद्धतीत खोटा जास्त. टीएसएच पहिल्या जातीतला, टी-फोर आणि ती अँटिबॉडी दुसऱ्या. तिन्ही मिळून हुबेहूब ग्रेव्हजचं सोंग उभं राहतं. सगळ्याच लॅबची यंत्रं अशी नसतात, पण आपली लॅब कुठलं यंत्र वापरते हे रुग्णाला कसं कळणार? आणि ही काही कोणाच्या कानावर न आलेली गोष्ट नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन तपासणीसुद्धा बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते आणि त्यातून एक मृत्यू झाल्याची नोंद त्या इशाऱ्यात आहे. मधुमेहाच्या माणसाला हृदयाचा धोका आधीच जास्त, त्यामुळे कधी छातीत दुखून इमर्जन्सीत गेलात तर केसांच्या गोळीचं नाव आधी सांगा.

गोळी बंद केली. थायरॉईडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवावं असं सांगतात. माझा डोस मोठा म्हणून मला त्याहून जास्त थांबवलं. मग पुन्हा रक्त. टीएसएच अगदी मधोमध, अँटिबॉडी नाही, ग्रेव्हज नाही. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पण खरा संताप पुढच्या ओळीवर झाला. आधीच्या रिपोर्टात बी-१२ "भरपूर" होतं, आता ते चांगलंच कमी निघालं. बी-१२ची तपासणीही त्या खोट्या जास्त दाखवणाऱ्या जातीतली. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ उतरतं हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं, पण आधीचा आकडा इतका छान होता की त्याकडे कोण पाहणार? माझ्या तळपायांना कितीतरी दिवस मुंग्या येत होत्या. "शुगरमुळे नसांवर परिणाम" म्हणून त्यांची बोळवण झाली होती. बी-१२ कमी झालं तरी तशाच मुंग्या येतात, आणि तो भाग औषधाने भरून काढता येतो, वेळेत सापडला तर. फेरिटिनची तपासणी टीएसएचच्या जातीतली, ते आधी अगदी तळाला दिसलं होतं. ते दुसऱ्या वेळी जरा वर आलं, पण कमीच होतं. म्हणजे केस जाण्यामागे तापाचा धक्का आणि शरीरातलं लोह, ही दोन साधी कारणं. बी-१२मुळे केस जातातच असं तज्ज्ञ ठामपणे म्हणाल्या नाहीत, इंजेक्शनं पायांसाठी दिली.

नवे कागद घेऊन मी लॅबमध्ये गेले आणि म्हटलं, फॉर्मवर एक ओळ वाढवा. उत्तर आलं, "ते डॉक्टरांनी लिहून पाठवायला हवं." डॉक्टरांचं म्हणणं, लॅबने विचारायला हवं. तेव्हापासून मी फॉर्मच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने सगळ्या गोळ्या लिहिते, ठळक अक्षरात, आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवते. तुम्हीही तेच करा. "व्हिटॅमिन म्हणजे औषध थोडंच" असं काउंटरवर कोणी म्हणालं तरी लिहा. पाकिटावर "केस, त्वचा, नखं" असं काही छापलेलं असेल तर त्यात बायोटिन असणार असं धरूनच चाला.

केसांचं म्हणाल तर लोह सुरू झाल्यावर गळती हळूहळू आवरली. इथे एक सांगायचं राहिलं. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते. माझी लोहाच्या गोळ्यांनंतर जरा उतरली, तर घरात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी गप्प राहून ते घेतलं, पण बोटाच्या थेंबावरची मशीन रोज काय दाखवते यावरच मी विश्वास ठेवते.

भांगाजवळची विरळता मात्र वयाची आणि घराण्याची निघाली, तिच्यासाठी मिनॉक्सिडिल लावते. पहिले काही आठवडे त्याने गळती वाढते आणि तिथेच बहुतेक जणी बाटली टाकून देतात. टाकू नका. फरक कळायला तीन ते सहा महिने लागतात आणि लावणं थांबवलं की मिळवलेलं पुन्हा जातं, हे आधीच मनाशी ठरवून सुरू करा. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधी विचारून घ्या. हे औषध मुळात बीपीसाठीच निघालं होतं. घरात मांजर असेल तर ते लावलेलं डोकं आणि उशी तिच्यापासून लांब ठेवा, मांजरांना ते विषारी आहे.

ज्यांना चाई पडलीय त्यांचा रस्ता वेगळा. तिथे शरीराची संरक्षण यंत्रणाच केसांवर उठते. टाइप १ असणाऱ्यांनी याकडे आणि थायरॉईडकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण हे आजार एकमेकांचा हात धरून येतात. चाईवर चट्ट्यात स्टेरॉईडची इंजेक्शनं देतात आणि त्याने काही दिवस शुगर चढू शकते. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी तर हमखास चढते. त्वचेच्या डॉक्टरांना मधुमेह आहे हे आठवण करून द्यायला लाजू नका. पुरुष केसांसाठी फिनास्टेराईडची गोळी घेत असतील तर प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीआधी तसं सांगा, त्या गोळीने तो आकडा जवळपास निम्मा होतो. पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असं असेल तर पीसीओएस (बायकांमधला हॉर्मोनचा बिघाड) तपासा, त्याचं आणि इन्सुलिनचं नातं जवळचं आहे. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांवर असाल आणि केस जात असतील तर बहुधा वजन झपाट्याने उतरल्याचा तो धक्का असतो. इंजेक्शन मनानेच बंद करू नका, मेटफॉर्मिनही नाही.

डोक्याइतकंच लक्ष पायांकडेही द्या. नडगीवरचे केस नाहीसे होऊन कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागली तर ते नुसतं वय असेलही, पण रक्तपुरवठा कमी झाल्याची खूणही असू शकते. पावलाची नाडी तपासून घ्यायला काही मिनिटं लागतात.

आणि हो, त्वचेच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी केस धुऊन, छान विंचरून जाऊ नका. सुटायचे केस घरीच सुटून गेले तर त्यांनी बट ओढल्यावर हातात काहीच येत नाही, आणि "गळती फारशी दिसत नाही" असं ऐकून परत यावं लागतं.